आई-बाबांना एकट्याने वापरता येईल अशी वेबसाइट कशी करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लहान संस्थांच्या वेबसाइट करतो. नाट्यगृहाचं बुकिंग, पॅथॉलॉजी लॅबची अपॉइंटमेंट, पतसंस्थेचे फॉर्म, ग्रंथालयात पुस्तक राखून ठेवणं असली कामं, म्हणजे जिथे माणसाला नुसतं वाचायचं नसतं, काहीतरी भरायचं, निवडायचं, पैसे द्यायचे असतात. आणि आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात मी महिन्यातून एकदा जाऊन बसतो, ज्याला फोनवर जे अडलंय ते तो घेऊन येतो. दोन्हीकडे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी आहे आणि बनवून घेणाऱ्यांसाठीही.

ज्येष्ठांचं नक्की अडतं कुठे? त्यांना समजत नाही का?

समजतं. हे सगळ्यात आधी डोक्यात पक्कं करून घ्या, कारण समजत नाही असं धरून चाललात की पुढचं सगळं चुकतं. पस्तीस वर्षं बँकेत खतावण्या जुळवलेल्या बाईला दोन खुर्च्या निवडून पैसे भरणं समजत नाही असं कसं होईल?

अडतं ते भीतीपाशी. एकाहत्तर वर्षांच्या एका काकूंच्या शेजारी बसून मी हे पाहिलंय. नाटकाची दोन तिकिटं काढायची होती, सगळं बरोबर भरलं होतं, शेवटचं बटण उरलं होतं आणि त्यांचं बोट स्क्रीनच्या वर अर्धा इंच तसंच थांबलं. "दाबू का?" मी म्हटलं दाबा. "पण चुकलं तर पैसे परत मिळतात का? तारीख बदलता येते का नंतर?" आणि खरं सांगायचं तर त्या पानावर या दोन्ही प्रश्नांचं उत्तर कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे काकू बरोबर होत्या, पान चुकलं होतं. त्यांनी बोट मागे घेतलं आणि म्हणाल्या, राहू दे, मुलगा आला की त्याला सांगते.

तेव्हापासून मी प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचारतो: इथे काही चुकलं तर परत कसं फिरायचं हे दिसतंय का? खाली जे काही लिहिलंय ते बरंचसं यातूनच आलंय.

वयाने शरीरात काय बदलतं, ते डिझाइन करणाऱ्याने माहीत करून घ्यावं का?

हो, थोडं तरी घ्यावंच. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसायला लागतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण पुढे बाहुलीही लहान होत जाते, त्यामुळे डोळ्यात उजेड कमी जातो, आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं म्हणून निळा आणि जांभळा, निळा आणि हिरवा यातला फरक पुसट होतो. मोतीबिंदू असेल तर समोरचा उजेड डोळ्यात पसरतो. कानाला आधी उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात, म्हणजे ती बारीक "टिंग" येतच नाही. हात कापतो. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, बोटाची कातडी कोरडी आणि जाड झाली की टचस्क्रीनला स्पर्श नीट कळत नाही, मग माणूस आणखी जोरात दाबतो, आणखी वेळ दाबतो.

बोटाचे ठसेही झिजतात. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला ऑनलाइन देण्यासाठी जीवन प्रमाण २०१४ साली सुरू झालं तेव्हा ठसा किंवा बुबुळ लागायचं, २०२१ पासून फोनवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. ज्यांचा ठसा मशीनवर उमटतच नव्हता त्यांना त्याने दुसरा रस्ता मिळाला. एकाच कामाला दोन रस्ते ठेवणं हे सगळीकडेच लागू आहे.

अक्षर किती मोठं ठेवायचं?

इंग्रजी साइटला १६ पिक्सेल चालतं म्हणून मराठीलाही तेच ठेवतात, आणि तिथेच घोळ होतो. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात, शिवाय जोडाक्षरं. त्याच आकारात ही सगळी गर्दी बसवली की "ध" आणि "घ", "भ" आणि "म" एकच दिसायला लागतात. मी मराठी मजकुराला १८ च्या खाली जातच नाही, शक्यतो २०, आणि दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवतो, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतो.

फॉन्ट बारीक वजनाचा नको. "मुक्त" (Mukta) किंवा "नोटो सान्स देवनागरी" हे फॉन्ट घेतलेत आणि रेग्युलर किंवा मीडियम वजन ठेवलंत तर काम होतं. आणि हात जोडून सांगतो, देवनागरीला लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांच्या मधे जादा जागा, देऊ नका. इंग्रजी शीर्षकाला शोभतं म्हणून देतात आणि आपली शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी सुटी पडतात, मग ज्यांची नजर अजून चांगली आहे त्यांनाही अडखळत वाचावं लागतं.

दोन बोटांनी झूम केलं तर लेआउट बिघडतो, म्हणून झूम बंद केला तर चालेल?

नाही. लेआउट दुरुस्त करा. ज्याला झूम लागतो त्याच्यासाठी बंद झूम म्हणजे बंद दुकान. वेबच्या सुगम्यतेचे जे जागतिक निकष आहेत, ज्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात, त्यातही अक्षर दुप्पट केलं तरी पान वापरता आलं पाहिजे असं स्पष्ट आहे.

रंगांचं काय?

त्याच निकषांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी निदान ४.५ ला १ एवढा फरक मागितलाय, मोठ्या ठळक अक्षरांना ३ ला १. हे मोजायची फुकट टूल्स आहेत, मिनिटभराचं काम. पांढऱ्यावर जी फिकट करडी अक्षरं हल्ली सगळीकडे असतात ती बहुतेक वेळा नापास होतात. आपल्याकडची खास चूक म्हणजे भगव्या बटणावर पांढरी अक्षरं. नेहमीचा भगवा घेतला तर हा फरक २ ला १ च्या आसपास येतो, म्हणजे निम्माही नाही. त्याच भगव्यावर काळी अक्षरं टाका, जवळपास १० ला १ होतं. रंग तोच, वाचता यायला लागतं.

आणि नुसत्या रंगावर काही सांगू नका. "लाल खुर्च्या गेलेल्या, हिरव्या मोकळ्या" असं असेल तर गेलेल्या खुर्चीवर फुलीही मारा.

बटण किती मोठं असावं?

डब्ल्यूसीएजीची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, तिच्यात किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलंय, आणि वरच्या पातळीला ४४ बाय ४४. मी ४८ ठेवतो आणि दोन बटणांच्या मधे बोटभर मोकळी जागा. "पैसे भरा" आणि "रद्द करा" तर शेजारी शेजारी ठेवतच नाही, वर-खाली ठेवतो.

आकारापेक्षाही एक मजेशीर वाटेल पण फार त्रास देणारी गोष्ट सांगतो. पूर्वीच्या टीव्हीची, मिक्सरची बटणं दाबून धरायची सवय असते. काका स्क्रीनवरचं बटण तसंच दाबून धरतात, मग फोनला वाटतं हा लाँग प्रेस आहे आणि "कॉपी, शेअर, सगळं निवडा" असली पट्टी वर येते. काकांना वाटतं फोन बिघडला. उलट बोट कापत असेल तर एका दाबात दोन दाब होतात आणि तोच फॉर्म दोनदा जातो. तेव्हा बटणावरचा मजकूर सिलेक्ट होणार नाही असं करा, आणि एकदा दाबलं की बटणावरच "थांबा, पाठवतोय" असं लिहून येऊ द्या आणि दुसरा दाब घेऊ नका. दोन-चार ओळींचं काम आहे.

नाट्यगृहाच्या खुर्च्यांचा नकाशा फोनवर कसा दाखवायचा?

हा प्रश्न मला जवळचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. एका रांगेत ३० खुर्च्या आणि फोनची रुंदी ३६० पिक्सेल, म्हणजे एका खुर्चीला १२ पिक्सेल. किमान २४ हवेत, आहे निम्मं. मग माणूस झूम करतो, नकाशा सरकतो, रंगमंच कुठल्या बाजूला ते कळेनासं होतं, बोट बाजूच्या खुर्चीवर पडतं, ती निवडली जाते, आणि ती परत सोडायची कशी ते कुठेच सांगितलेलं नसतं.

तिकीट खिडकीवर काय व्हायचं ते आठवा. खिडकीतला माणूस विचारायचा, किती हवीत? पुढे की मागे? काका सांगायचे, दोन द्या, फार पुढे नको, मान दुखते, आणि कडेची द्या हो, मधे उठावं लागतं. मग तो कागदावर पेन्सिलीने दोन चौकोनांवर रेघ मारून दाखवायचा, ह्या चालतील? बस. आम्ही वेबसाइटवर तेच केलं. आधी किती तिकिटं, मग पुढे, मधे, मागे की बाल्कनी, मग "कडेची खुर्ची हवी का?", "जिना नको का?" एवढं विचारायचं, दोन खुर्च्या सुचवायच्या आणि खाली दोन मोठी बटणं, "ह्याच द्या" आणि "दुसऱ्या दाखवा". ज्याला पूर्ण नकाशा बघायचाय त्याला तो आहेच, एका लिंकवर. गंमत म्हणजे तरुण मंडळीही हाच रस्ता वापरतात, कारण लोकलमध्ये एका हाताने फोन धरून बारीक चौकोन त्यांनाही दाबता येत नाहीत.

फॉर्ममध्ये सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

तीन ठिकाणी, नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर. गंमत बघा, या तिन्ही गोष्टी माणसाला झोपेतून उठवलं तरी बिनचूक सांगता येतात, म्हणजे चुकतो तो फॉर्म.

नाव: आपल्या जुन्या लोकांना शाळेपासून सवय आहे आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडलांचं किंवा नवऱ्याचं. फॉर्ममध्ये पहिलं खोकं "फर्स्ट नेम" म्हणून असलं की ते तिथे आडनाव लिहितात, आणि पुढे आधारशी नाव जुळत नाही. एकच मोठं खोकं द्या आणि वर लिहा, "पूर्ण नाव, आधार कार्डावर आहे तसं". तीन खोकी लागणारच असतील तर "आडनाव", "तुमचं नाव", "वडलांचं किंवा पतीचं नाव" असं मराठीत लिहा, आणि हे खोक्याच्या वर लिहा. खोक्याच्या आत फिकट अक्षरात लिहिलेलं टाइप करायला लागलं की गायब होतं, मग अर्ध्यात विसरायला होतं आपण काय भरत होतो.

जन्मतारीख: त्या पिढीतल्या कितीतरी जणांची कागदावरची तारीख १ जून आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. आता जून १९४९ चा जन्म असेल आणि कॅलेंडर जून २०२५ वर उघडलं तर मागे जायला ७६ गुणिले १२, म्हणजे ९१२ वेळा बाण दाबायचा. वर्षावर दाबलं की वर्षांची यादी येते हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना कसं कळावं? जन्मतारखेला कॅलेंडर देऊच नका. दिवस, महिना, वर्ष अशी तीन खोकी द्या, आकड्यांचा कीपॅड उघडू द्या, झालं.

मोबाइल नंबर: कोणी आधी शून्य लावतं, कोणी +९१, कोणी पाच आकड्यांनंतर जागा सोडतं, आणि मराठी कीबोर्ड असेल तर आकडे देवनागरीत येतात. यातलं काहीही चूक नाही. जागा काढून टाकणं, शून्य काढणं, मराठी आकड्याचा इंग्रजी आकडा करणं हे कॉम्प्युटरचं काम आहे, माणसावर ओरडायचं काही कारण नाही.

आणि एकदा विचारलेलं परत विचारू नका. पहिल्या पानावर पत्ता घेतला असेल तर तिसऱ्या पानावर तो भरलेला दिसू दे.

ओटीपीला ज्येष्ठ लोक इतके का वैतागतात?

एकदा शेजारी बसून बघा म्हणजे कळेल. मेसेज येतो, वर पट्टी दिसते आणि वाचेपर्यंत जाते. मग ब्राउझर सोडून मेसेजमध्ये जायचं, दहा जाहिरातींखालून तो मेसेज शोधायचा, सहा आकडे लक्षात राहणार नाहीत म्हणून शेजारच्या वहीत लिहायचे, चष्मा नीट करायचा, परत ब्राउझरमध्ये यायचं. तोवर स्वस्तातल्या फोनची मेमरी भरलेली असते म्हणून पान नव्याने लोड होतं आणि भरलेला सगळा फॉर्म कोरा. किंवा वेळ संपलेला असतो. मग परत ओटीपी मागवायचा आणि आता दोन मेसेज, त्यातला कुठला खरा? आजोबा वरचा बघतात की खालचा, हे फोनवर अवलंबून.

उपाय सगळे माहितीतले आहेत, कोणी करत नाही एवढंच. ओटीपीच्या खोक्याला ऑटोकम्प्लीटमध्ये तो एकदाच वापरायचा कोड आहे असं सांगून ठेवा, म्हणजे बऱ्याच फोनवर कीबोर्डच्या वरच तो आकडा येतो, एकदा दाबलं की भरला. सहा वेगवेगळी खोकी न करता एकच ठेवा म्हणजे पेस्ट करता येतं. ज्याने दुसरा मागवलाय त्याला "शेवटी आलेला ओटीपी टाका, ४:१२ वाजता पाठवलाय" असं वेळेसकट सांगा. मुदत १० मिनिटं ठेवा. आणि फॉर्ममधलं भरलेलं फोनमध्येच साठवत जा, पान परत लोड झालं तरी जागच्या जागी असलं पाहिजे. हे शेवटचं एवढं जरी केलंत तरी निम्मा वैताग जाईल.

सेशन टाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळाने साइटने आपोआप बाहेर काढणं, तर सुरक्षेसाठी ठेवावाच लागतो ना?

ठेवा, पण न सांगता बाहेर काढू नका. निकष असा आहे की वेळ संपायच्या आधी सांगायचं आणि एका साध्या दाबाने वेळ वाढवायला निदान २० सेकंद द्यायचे. "अजून भरताय ना? हो, वेळ वाढवा" एवढं पुरतं. नाट्यगृहाच्या खुर्च्या धरून ठेवायची वेळही आम्ही अशीच वाढवून देतो, एकदा.

सेकंदासेकंदाला लाल रंगात उलटे मोजणारे आकडे मात्र नकोत, त्याने हात जास्त कापतो.

कॅप्चा?

वाकडीतिकडी अक्षरं काढून टाका. लहान संस्थेच्या साइटला बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्रॅम, अडवायला माणसाला न दिसणारं एक फसवं खोकं (ते भरलं की समजायचं माणूस नाही) आणि एका ठिकाणाहून येणाऱ्या विनंत्यांना मर्यादा, एवढं बऱ्याचदा पुरतं.

चूक झाली तर कसं सांगायचं?

जिथे चूक झाली तिथेच, खोक्याच्या लगेच खाली, काय झालं आणि काय करायचं दोन्ही. "अवैध इनपुट" हे उत्तर नाही. "नंबर ९ आकडी झालाय, १० हवेत" हे उत्तर. बाकीचं भरलेलं पुसू नका. आणि तो निरोप तीन सेकंदांत आपोआप जाणारा नको, माणसाने बघून स्वतः बंद करेपर्यंत राहू दे. चष्मा शोधायला तीन सेकंदांहून जास्त लागतात.

खात्री करून घेतानाही शब्द जपून. "तुम्हाला खात्री आहे? ओके, कॅन्सल" असं तिकीट रद्द करताना विचारलं तर कॅन्सल म्हणजे तिकीट कॅन्सल की कॅन्सल करणं कॅन्सल? मी स्वतः गोंधळतो. "तिकीट रद्द करा" आणि "तिकीट राहू दे" अशी बटणं ठेवा.

पैसे भरण्याचं पान तर आपलं नसतं, पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचं असतं. तिथे आपण काय करणार?

त्याच्या आधीचं आणि नंतरचं पान आपलंच आहे की. आधीच्या पानावर सगळं एकदा दाखवा, नाटक, वार, तारीख, वेळ, खुर्च्या, एकूण रुपये, आणि प्रत्येकापुढे "बदला". बटणावर नुसतं "पुढे" नको, "५०० रुपये भरा" असं लिहा, म्हणजे कुठलं बटण दाबलं की पैसे जातात ते दिसतं आणि बाकीची बटणं निर्धास्तपणे दाबता येतात. खाली एका ओळीत लिहा, कधीपर्यंत रद्द करता येईल आणि किती परत मिळतील. सुरुवातीला सांगितलेल्या काकूंना हीच ओळ हवी होती.

नंतरचं पान त्याहून महत्त्वाचं. पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही की माणूस हबकतो, परत भरतो, डबल जातात. अशा वेळी पानावर स्पष्ट लिहा: "तुमच्या खात्यातून पैसे गेले असतील तर परत भरू नका." रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे कापले गेले पण तिकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे तिथेच मराठीत लिहून ठेवा, वाचूनच जीव खाली पडतो.

आणि बुकिंग नंबर मोठ्या अक्षरात द्या, एसएमएसही पाठवा, प्रिंट निघेल असं बघा. कागद हातात असला की बरं वाटतं, त्यात चुकीचं काही नाही.

सगळं मराठीत केलं की झालं ना?

कुठलं मराठी, त्यावर आहे. आपोआप भाषांतर केलेल्या साइटवर "बुक नाऊ"चं "आता पुस्तक करा" झालेलं मी पाहिलंय. आणि सरकारी धाटणीचं "संकेतशब्द प्रविष्ट करा" वाचून माझ्या वडलांनी मलाच फोन केला होता. लोक पासवर्ड म्हणतात, पासवर्ड लिहा. तिकीट काढतात, तिकीट काढा लिहा. डाउनलोड, फॉर्म, मोबाइल, फोटो हे शब्द आता मराठीच आहेत. पण "सबमिट" ऐवजी "फॉर्म पाठवा" म्हटलं की दाबल्यावर काय होणार ते कळतं.

तीन आडव्या रेघांचं चिन्ह म्हणजे मेनू हे सगळ्यांना माहीत असतं असं धरू नका, खाली "मेनू" लिहा. तसंच प्रत्येक चिन्हाला. आणि पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये लिहून ठेवा, म्हणजे पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी आवाजात वाचतं.

फोन नंबर टाकला तर दिवसभर फोन येतील, म्हणून टाकत नाही. ठीक आहे ना?

हे मला मनापासून पटत नाही. नंबर तुमच्या साइटवर सापडला नाही की माणूस गुगलवर "अमक्याचा कस्टमर केअर नंबर" असं शोधतो, आणि तिथे भामट्यांनी टाकलेले खोटे नंबर असतात. फोन लावला की तो भामटा गोड बोलून स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतो आणि खातं रिकामं करतो. आमच्या संघातले एक निवृत्त शिक्षक असेच फसले, नंबर शोधायला गेले होते फक्त. त्यानंतर सहा महिने त्यांनी फोनवरून एक रुपयाचाही व्यवहार केला नाही, भाजीवाल्यालाही रोख.

म्हणून नंबर प्रत्येक पानावर, एकाच जागी, मोठ्या अक्षरात, दाबला की फोन लागेल असा, आणि कुठल्या वेळात माणूस उचलेल ते लिहून. दिवसात दोन तास असले तरी चालेल पण ते दोन तास खरंच उचला. खाली हेही लिहा की आम्ही ओटीपी किंवा पिन कधीच विचारत नाही, आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डर लाइनही आहे.

ज्येष्ठांसाठी वेगळा "सीनियर मोड" करावा का?

माझं मत, नको. वेगळं पान मागे पडतं, त्यात नव्या गोष्टी येत नाहीत, आणि म्हातारा म्हणून बाजूला काढलेलं कोणाला आवडतं? मूळ साइटच नीट करा.

घरात मुलं, नातवंडं करून देतातच की. मग एवढा खटाटोप कशाला?

मुलगा पुण्यात किंवा न्यू जर्सीत, ओटीपी येतो सांगलीत वडलांच्या फोनवर. त्याच्या तिकडे रात्र, इकडे सकाळ, "बाबा, काय आकडा आलाय? लवकर सांगा, तीस सेकंद राहिलीत." दोन्हीकडे चिडचिड. हे ज्यांच्या घरी होतं त्यांना मी वेगळं काय सांगू.

शिवाय सगळंच मुलांना सांगायचं नसतं. कुठल्या तपासण्या करून घ्यायच्यात, किती पैसे कुठे ठेवलेत, कोणाला भेट द्यायची आहे. आयुष्यभर स्वतःचे व्यवहार स्वतः केलेल्या माणसाला लघवीच्या तपासणीची वेळ घ्यायलाही सुनेला सांगावं लागतं, हे मला बघवत नाही.

कायद्याने हे बंधनकारक आहे का?

अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये माहिती आणि सेवा सुगम असण्याची तरतूद आहे, सरकारी वेबसाइटसाठी जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असा निकाल दिला. ती केस ई-केवायसीची, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याची होती, डोळ्यांना इजा झालेल्या माणसाने कॅमेऱ्यासमोर पापणी कशी मिटायची? वयस्कर लोकांसाठी वेगळी नियमावली शोधत बसू नका, अपंगांसाठीचे निकष नीट पाळले तर ज्येष्ठांच्या बहुतेक अडचणी त्यातच सुटतात.

टेस्टिंग कोणावर आणि कसं करायचं?

महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यातले कितीतरी फेस्कॉम या महासंघाशी जोडलेले. जवळच्या संघाच्या सचिवांना भेटा, काय करायचंय ते नीट सांगा, पाच-सहा जण मिळतात. सकाळी दहा-अकराची वेळ बरी, जेवणानंतर नको. रिक्षाचे पैसे द्या, चहा-नाश्ता द्या, त्यांचा वेळ फुकट घेऊ नका.

फोन त्यांचाच हवा, तुमचा चकचकीत नको. त्यांच्या फोनवर अक्षर सगळ्यात मोठं केलेलं असतं, काच तडकलेली असते, मेमरी भरलेली असते, आणि तिथेच तुमच्या साइटचं खरं रूप दिसतं. काम त्यांच्या भाषेत सांगा: "शनिवारच्या नाटकाची दोन तिकिटं काढा, फार पुढे नकोत." क्लिक करा, स्क्रोल करा हे शब्द तोंडातून काढू नका. मग गप्प बसा. हे फार अवघड जातं, हात पुढे जातोच, मी तर हात मांडीखाली दाबून बसतो. ते थांबले तर "काय झालं?" म्हणू नका, "आत्ता मनात काय आलं?" असं विचारा. आणि ते "माझीच चूक, मला जमत नाही" म्हणाले की तेवढी जागा लिहून ठेवा, दुरुस्ती तिथेच करायची असते. त्यांनाही सांगा तसं, काका, तुमची परीक्षा नाहीये, या पानाची आहे.

साइट जुनी झालीय, नवं डिझाइन करायचंय. ज्येष्ठांना त्रास होईल का?

होईल, आणि त्याचं कारण मला एका आजोबांनी त्यांची वही उघडून दाखवलं तेव्हा कळलं. शाळेची दोनशे पानी वही, त्यात प्रत्येक कामाला एक पान. "लॅबची वेळ: १. निळं बटण 'वेळ घ्या'. २. तिसरी ओळ. ३. नाव आपोआप येतं, हात लावू नये. ४. हिरवं बटण. ५. मेसेज येईपर्यंत थांबणे." चौथ्या ओळीवर काट मारून शेजारी लाल पेनाने लिहिलेलं होतं, "आता हिरवं नाही. विचारणे."

ती लाल ओळ माझ्या हाताने झालेल्या बदलामुळे होती, मी एका दुपारी बटणाचा रंग आणि नाव बदललं होतं, सहज. आता मी बदलायच्या आधी महिनाभर पानावर सूचना लावतो, जुनं आणि नवं पान शेजारी शेजारी दाखवणारं एक चित्र ठेवतो, आणि संघात त्याच्या प्रिंट देऊन येतो. रंग बदलावा लागलाच तर बदलतो, पण "वेळ घ्या", "तिकीट काढा" ही बटणांवरची नावं आहेत तशीच ठेवतो, कारण ती वहीत लिहिलेली आहेत.